हवामान वाटाघाटींना युवा प्रतिनिधी म्हणून जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"कॉपला जायचंय, काय करावं लागतं?" अशी विचारणा दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते. तोवर कुणाला पाठवायचं याची बऱ्याच संस्थांची यादी ठरून गेलेली असते. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

कॉप म्हणजे नेमकं काय? ती वर्षातून एकदाच भरते का?

संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक आराखडा करार 1992 मध्ये झाला आणि 1994 मध्ये अमलात आला. या करारातल्या देशांची वार्षिक सभा म्हणजे कॉप. पहिली 1995 मध्ये बर्लिनला भरली. क्योटो करार 1997 च्या सभेत झाला, पॅरिस करार 2015 च्या. ती बहुधा नोव्हेंबरात असते आणि यजमान शहर दरवर्षी बदलतं.

दुसरी बैठक जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनला असते, कारण कराराचं सचिवालय तिथे आहे. ती फारशी कुणाला माहीत नसते. कॉपमध्ये जे मंजूर होतं त्याची तांत्रिक मशागत बॉनमध्ये होते. राष्ट्रप्रमुख नाहीत, प्रदर्शनाचा झगमगाट नाही, गर्दीही कितीतरी कमी. वाटाघाटी शिकायच्या असतील आणि दोन्हींपैकी एकच निवडायची वेळ आली, तर बॉन निवडा. कॉपचे फोटो चांगले येतात, पण प्रतिनिधींशी निवांत बोलणं बॉनलाच होतं.

'युवा' म्हणजे किती वयाचे?

संयुक्त राष्ट्रांची आकडेवारी 15 ते 24 हा गट धरते. हवामान प्रक्रियेतल्या युवा गटात मात्र 35 वर्षांपर्यंतचे लोक काम करतात. अठरा वर्षांखालच्यांना पालकांची संमती आणि सोबत जबाबदार प्रौढ व्यक्ती लागते. ती व्यवस्था नाव पाठवायच्या आधीच लावा.

मी स्वतः अर्ज करून जाऊ शकतो का?

नाही. व्यक्तीला थेट नोंदणी करता येत नाही, कुणीतरी तुमचं नाव पाठवावं लागतं. त्यासाठी वाटा मुख्यतः दोन. एक, तुमच्या देशाचं सरकार तुम्हाला शिष्टमंडळात घेतं. दोन, सचिवालयाकडे निरीक्षक म्हणून मान्यता असलेली एखादी संस्था, विद्यापीठ किंवा संघटना तिच्या वाट्याच्या बॅजपैकी (म्हणजे प्रवेशपत्रांपैकी) एक तुम्हाला देते. मान्यता नसलेल्या संस्थेला ती आधी मिळवावी लागते आणि ते काम काही आठवड्यांत होत नाही. त्यामुळे यंदा जायचं असेल तर नवी संस्था काढण्यापेक्षा मान्यता असलेली संस्था शोधणं शहाणपणाचं.

निरीक्षक संस्थांना ठरावीक कोटा असतो. 2009 च्या कोपनहेगन परिषदेत सभागृहाची क्षमता साधारण 15 हजारांची होती आणि नोंदणी त्याच्या कितीतरी पट झाली. लोक थंडीत तासन्‌तास रांगेत उभे राहिले आणि शेवटच्या दिवसांत निरीक्षकांपैकी अगदी थोड्यांनाच आत सोडलं गेलं. संस्था एकेक बॅज जपून का वापरतात, पहिला आठवडा एकाला आणि दुसरा दुसऱ्याला का देतात, ते यावरून कळेल. संस्थेकडे शब्द टाकायचा तर वर्षाच्या सुरुवातीला टाका. आणि फक्त "मला यायचंय" एवढंच लिहू नका. कोणता विषय धरणार आणि परतल्यावर संस्थेला काय देणार, ते दोन ओळींत सांगा.

सरकारी शिष्टमंडळातून जावं की संस्थेकडून?

शिष्टमंडळाचा बॅज गुलाबी असतो, बिगरसरकारी निरीक्षकाचा पिवळा. दरवाजावरचा सुरक्षारक्षक तुमचं नाव नाही, रंग बघतो. गुलाबी बॅजवाल्याला बंद खोल्यांत, देशगटांच्या सकाळच्या समन्वय बैठकांत जाता येतं. पिवळ्या बॅजवाल्याला "निरीक्षकांनी कृपया बाहेर जावं" हे वाक्य दोन आठवड्यांत पाठ होतं.

पण गुलाबी बॅजची किंमत आहे. तो घातल्यावर तुम्ही देशाचं म्हणणं मांडता, स्वतःचं नाही. देशाची भूमिका तुम्हाला पटत नसली, तरी मुलाखतीत तसं बोलता येत नाही. पिवळ्या बॅजवाल्याला आपल्याच सरकारवर टीका करायची मोकळीक असते.

सरकारकडून बोलावणं आलं तर होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: मी कोणत्या विषयाच्या बैठकांना बसणार, मला रोज माहिती कोण देणार, आणि समाजमाध्यमांवर मी काय लिहू शकतो. उत्तर "येऊन तर बघ, मग ठरवू" असं आलं, तर तुम्हाला बहुधा देशाच्या प्रदर्शन-दालनाच्या स्वागतकक्षात उभं केलं जाणार आहे. काही देशांनी मात्र हे गांभीर्याने घेतलंय. 2022 पासून तरुण वाटाघाटीकारांसाठी एक स्वतंत्र प्रशिक्षण कार्यक्रम चालतो. त्यात सहभागी देशांच्या शिष्टमंडळातल्या तरुणांना कराराची भाषा आणि कार्यपद्धती शिकवली जाते. शर्म अल-शेखच्या 2022 च्या कॉपच्या निर्णयातही देशांनी तरुण वाटाघाटीकार शिष्टमंडळात घेण्याचा विचार करावा असं लिहिलं आहे. मंत्रालयाला पत्र लिहाल तेव्हा त्या निर्णयाचा उल्लेख जरूर करा. ज्या कागदावर देशाने स्वतः मान डोलावली आहे, तो दाखवला की अधिकाऱ्याला सरळ नाही म्हणणं अवघड जातं.

यंगो म्हणजे काय?

निरीक्षक संस्थांचे नऊ अधिकृत गट आहेत: उद्योग, पर्यावरण संस्था, शेतकरी, आदिवासी समूह, स्थानिक शासन, संशोधक, कामगार संघटना, महिला आणि युवा. युवांच्या गटाचं नाव यंगो. 2009 मध्ये त्याला तात्पुरती आणि 2011 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. त्याचे दोन समन्वयक निवडून येतात, एक विकसित आणि एक विकसनशील देशांतून. अनुकूलन (बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं), निधी, हानी-नुकसान (हवामान बदलाने झालेल्या नुकसानीची भरपाई) अशा विषयांचे कार्यगट वर्षभर ऑनलाइन काम करतात. त्यात जायला बॅज लागत नाही. परिषदेच्या आधी तीन-चार महिने एखाद्या कार्यगटात राबलेल्या मुलाला तिथे पोहोचल्यावर कुणाची ओळख करून घ्यावी लागत नाही.

कॉपच्या आधी युवांची स्वतःची परिषद भरते, तिला कॉय म्हणतात. पहिली 2005 मध्ये माँट्रियलला झाली. देशोदेशी तिच्या स्थानिक आवृत्त्या होतात आणि तिथल्या मागण्या एकत्र करून युवांचं जागतिक निवेदन तयार होतं.

बॅज मिळाला म्हणजे व्हिसा आणि खर्चाची सोय झाली का?

दोन्ही नाही. नोंदणी पक्की झाली की यजमान देशाचा व्हिसा मागायला आधार मिळतो, पण व्हिसाची हमी मिळत नाही. विकसनशील देशांच्या सरकारी प्रतिनिधींसाठी सचिवालयाकडे निधी असतो, निरीक्षकांसाठी नसतो. प्रवास, राहणं, जेवण, विमा हे सगळं संस्थेने, शिष्यवृत्तीने किंवा तुम्ही स्वतः बघायचं. परिषदेच्या काळात यजमान शहरातल्या खोल्यांचे दर अवाच्या सवा वाढतात. 2025 मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमला याची जगभर चर्चा झाली. शहर जाहीर होताच राहण्याचं बघा, नंतर नाव रद्द झालं तरी चालेल. आणि परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा. कारण पुढे आहे.

दिवस कसा जातो?

परिसराचे दोन भाग असतात. ब्लू झोन संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात. वाटाघाटी तिथेच होतात आणि बॅजशिवाय प्रवेश नाही. ग्रीन झोन यजमान देश चालवतो. तिथे प्रदर्शनं, व्याख्यानं असतात आणि सर्वसामान्यांनाही जाता येतं.

सकाळी यंगोची रोजची बैठक असते. कालच्या दिवसात काय झालं आणि आज कोण कुठे बसणार, हे तिथे ठरतं. मग दिवसभराचा अधिकृत कार्यक्रम उघडायचा. तो छापल्याप्रमाणे चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. खोल्या बदलतात, वेळा सरकतात, "खुली" बैठक अर्ध्या तासावर असताना "बंद" होते. भिंतीवरचे पडदे बघत चालायची सवय लावून घ्या. देशांची आणि संस्थांची दालनं, साइड इव्हेंट, पत्रकार परिषदा यांतच दिवस संपवणारे लोक कमी नसतात. दालनातली कॉफी फुकट असते, पण करार त्या दालनांत ठरत नाही. 2023 मध्ये दुबईच्या कॉपला 80 हजारांहून जास्त लोक आले होते, आणि त्यातल्या बहुतेकांनी वाटाघाटीची खोली आतून पाहिलीही नसेल.

खोलीत प्रत्यक्षात काय चालतं?

मध्ये टेबलांचा चौकोन, भिंतीलगत खुर्च्यांची एक रांग. ती रांग निरीक्षकांची. समोर दोन सहसूत्रधार, साधारणपणे एक विकसित आणि एक विकसनशील देशातला. पडद्यावर मसुदा. ज्याला बोलायचं तो देशाच्या नावाची पाटी उभी करतो. समजा सातव्या परिच्छेदात एका देशाला निधीचा उल्लेख हवा आहे. दुसरा म्हणतो, निधीची चर्चा दुसऱ्या खोलीत चालू आहे, इथे नको. पडद्यावरचा मसुदा सांभाळणारी सचिवालयाची व्यक्ती त्या शब्दांना चौकटी कंस घालते. कंस म्हणजे यावर एकमत नाही. तिसरा देश पर्याय सुचवतो, त्यालाही कंस. तासाभराने परिच्छेद वाचता येईनासा होतो आणि सहसूत्रधार म्हणतात, जरा बाहेर बोलून या.

मग पंधरा-वीस जण कोपऱ्यात एका लॅपटॉपभोवती उभे राहतात. याला हडल म्हणतात. बरेचसे कंस तिथे सुटतात. तुम्ही मधे घुसायचं नाही, पण दोन पावलांवर उभं राहून कोण बोलतंय आणि कोण नुसती मान हलवतंय, हे बघायला कुणी अडवत नाही.

मतदान होत नाही. मतदानाचा नियम देशांनी कधी स्वीकारलाच नाही, त्यामुळे सगळं एकमताने. जवळपास दोनशे देशांपैकी काही थोडेसुद्धा अडून बसले तर विषय अडतो. तो सुटला नाही तर पुढच्या सत्राच्या अजेंड्यावर जातो. कधी अजेंड्यावरच भांडण होतं: बॉनला 2023 मध्ये तो सत्र संपायच्या आदल्या दिवशी मंजूर झाला, तोपर्यंत काम चालू होतं ते "आधी सुरू तर करू" या बोलीवर.

अनौपचारिक बैठकांत फोटो आणि रेकॉर्डिंगला मनाई असते. वहीत लिहा.

देश स्वतंत्रपणे बोलतात की गटाने?

दोन्ही. जी-77 व चीन हा विकसनशील देशांचा सगळ्यात मोठा गट, त्यात 134 देश. शिवाय लहान बेटांचे देश, अल्पविकसित देश, आफ्रिकी गट, अरब गट, युरोपीय संघ आणि इतर. एकच देश तीन-चार गटांत असू शकतो. तुमचा देश कोणकोणत्या गटांत आहे, हे निघण्यापूर्वी शोधून ठेवा. नाहीतर खोलीत तुमच्या देशाची पाटी दिवसभर आडवीच दिसेल आणि तुम्हाला वाटेल तो गप्प आहे. प्रत्यक्षात त्याच्या वतीने दुसरंच कुणीतरी बोलून गेलेलं असतं.

इतक्या विषयांपैकी काय धरू?

एक. फक्त एक.

पहिल्यांदा जाणारा प्रत्येकजण सगळं बघायला धावतो: सकाळी निधी, दुपारी जंगलं, संध्याकाळी लिंगभाव, मध्ये एखाद्या मंत्र्यासोबत फोटो. दोन आठवड्यांनी त्याला परिषद कशी होती ते सांगता येतं, तिथे काय ठरलं ते सांगता येत नाही. याउलट अजेंड्यावरची एकच बाब जूनमध्ये बॉनपासून धरलेली मुलगी नोव्हेंबरात त्या खोलीतल्या अर्ध्या लोकांना नावाने ओळखते. मसुद्याच्या आधीच्या तीन आवृत्त्या तिच्याकडे असतात. एखाद्या लहान देशाचा एकटा प्रतिनिधी एकाच वेळी चार बैठकांच्या मागे धावत असतो. तो तिलाच येऊन विचारतो, "मी नव्हतो तेव्हा काय झालं?" तरुणांना वाटाघाटींत वजन येतं ते अशा वेळी. भाषणाने टाळ्या मिळतात, पण मजकुरात शब्द घालायला कुणीतरी तुमच्यावर विसंबलेलं असावं लागतं.

विषय निवडताना "महत्त्वाचा कोणता" एवढंच बघू नका. निधी सगळ्यात महत्त्वाचा, पण सगळ्यात बंद खोल्याही त्याच्याच. 2024 मध्ये बाकूच्या कॉपमध्ये 2035 पर्यंत वर्षाला 300 अब्ज डॉलरचं लक्ष्य ठरलं तेव्हा खरी रस्सीखेच निरीक्षकांच्या नजरेआड झाली. अनुकूलन, न्याय्य संक्रमण (कोळसा-तेलापासून दूर जाताना कामगारांवर अन्याय होऊ न देणं), किंवा हवामान शिक्षण आणि लोकसहभाग या विषयांत नवख्या माणसाला आत बसायला जास्त मिळतं. शिक्षणाच्या विषयात तर तरुणांनी सुचवलेले शब्द देश उचलतात.

वैज्ञानिक शिक्षण लागतं का? इंग्रजी किती यावं?

विज्ञानाची पदवी लागत नाही. वाचायची चिकाटी लागते. इंग्रजी मात्र लागतं, यात गोडगोड बोलण्यात अर्थ नाही. मुख्य सभांत संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत दुभाषे असतात, पण लहान खोल्यांतला व्यवहार इंग्रजीतच चालतो. हा अन्यायच आहे आणि तो अनेक देशांच्या अनुभवी प्रतिनिधींनाही भोवतो. सुदैवाने ही भाषा ठरावीक सूत्रांची आहे. "विनंती करते", "आवाहन करते", "नोंद घेते", "निर्णय घेते" ही क्रियापदं कोणत्या जोराची हे समजलं की मसुदा झपाट्याने वाचता येतो. मागच्या दोन वर्षांचे निर्णय समोर ठेवून आठवडाभर सराव करा.

बोलायची संधी मिळते का?

मिळते, थोडी. सुरुवातीच्या आणि शेवटच्या सभेत प्रत्येक निरीक्षक गटाला साधारण दोन मिनिटं मिळतात. सभा लांबली की आधी तीच कापली जातात. आणि गटाचं निवेदन आधी गटातल्या सगळ्यांना पटावं लागतं, त्यामुळे त्यात तुमचं वाक्य असेलच असं नाही.

तरी काही भाषणं टिकतात. 2011 मध्ये डर्बनच्या कॉपमध्ये अंजली अप्पादुराई हिने युवांच्या वतीने बोलताना सभेला सुनावलं की मी जन्मल्यापासून तुम्ही वाटाघाटीच करताय. 1992 मध्ये रिओच्या वसुंधरा परिषदेत बोललेली सेव्हर्न कलिस-सुझुकी तेव्हा 12 वर्षांची होती. अशी भाषणं लोकांच्या लक्षात राहतात, पण मसुद्यातले कंस त्यांनी सुटत नाहीत.

आत निदर्शनं करता येतात का?

ब्लू झोनमध्ये सचिवालयाची आगाऊ परवानगी, ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ हवी. कुठल्याही देशाला किंवा व्यक्तीला नाव घेऊन लक्ष्य करता येत नाही. परवानगीशिवाय फलक उघडला तर बॅज जाऊ शकतो, आणि संस्थेचंही नाव खराब होतं. बाहेर रस्त्यावर यजमान देशाचे कायदे लागू होतात. ते प्रत्येक ठिकाणी वेगळे आणि कधी बरेच कडक असतात, तेव्हा आधी चौकशी करा.

आपल्याला शोभेसाठी बोलावलंय असं वाटलं तर?

बऱ्याचदा ते खरंच असतं. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. चर्चासत्रात तुमची पाळी शेवटची आणि "थोडक्यात", तुम्हाला विचारलेला प्रश्न "भविष्याबद्दल तुला काय वाटतं" आणि बाकीच्यांना विचारलेला धोरणाबद्दल. एक उपाय चालतो: निमंत्रण स्वीकारतानाच विषय आणि वेळ लेखी मागायची. मिळत नसेल तर नम्रपणे नकार द्या आणि तो तास वाटाघाटीच्या खोलीत घालवा.

2023 च्या दुबई कॉपपासून यजमान देश एक अधिकृत युवा हवामान प्रतिनिधी नेमतो. ते पद उपयोगी पडेल की पाटीपुरतं राहील, हे त्या माणसाला परिषदेच्या अध्यक्षांच्या कार्यालयात प्रत्यक्ष किती शिरकाव आहे यावर अवलंबून. तुमची मागणी त्या कार्यालयाकडे लेखी द्या, म्हणजे निदान नोंद तरी राहते.

मुलांमुळे खरंच काही बदललंय का?

बदललंय, पण बऱ्याचदा परिषदेच्या बाहेरून. 2019 मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठाच्या वानुआटू आवारातल्या 27 विधी विद्यार्थ्यांनी एक कल्पना धरली: हवामानाबाबत देशांची कायदेशीर जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. वानुआटू सरकारने ती उचलली, मार्च 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एकमताने ठराव केला आणि 23 जुलै 2025 रोजी न्यायालयाने आपलं सल्लागार मत दिलं. वर्गातल्या चर्चेपासून हेगमधल्या त्या न्यायालयापर्यंत सहा वर्षं गेली. त्या मुलांनीही एकच प्रश्न धरला होता.

कोणता आठवडा निवडावा?

पहिला तांत्रिक: खोल्या खुल्या, मसुदे कच्चे, निरीक्षकाला शिरायला जागा. दुसऱ्यात मंत्री येतात, दरवाजे बंद होतात, बातम्या वाढतात. शिकायचं असेल तर पहिला, लिहायचं किंवा माध्यमांचं काम असेल तर दुसरा. दुसरा निवडलात तर शुक्रवारी संपणारी परिषद शुक्रवारी संपेल असं धरू नका. 2019 मध्ये माद्रिदची रविवारी संपली. तिकिटाचं म्हटलं ते यासाठी.

विमानाने जाऊन हवामानावर बोलायचं, हे ढोंग नाही का?

प्रश्न रास्त आहे. जाण्याचं कारण एका वाक्यात सांगता येत नसेल तर जाऊ नका.

न जाता भाग घेता येतो का?

बराच. मुख्य सभांचं थेट प्रक्षेपण होतं, मसुदे सचिवालयाच्या संकेतस्थळावर येतात, आणि 'अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन' रोजचा तटस्थ वृत्तांत देतं. जो बिगरसरकारी संस्थांचं म्हणणं ऐकू इच्छितो त्याने 'इको' हे वार्तापत्र वाचावं. घरून मसुद्यांच्या आवृत्त्या शेजारी ठेवून फरक काढणारा एकजण हाताशी असेल, तर आत धावपळ करणाऱ्या चार प्रतिनिधींना तो मोठाच आधार ठरतो.

परतल्यावर काय करायचं?

आठवडाभराच्या आत चार पानं लिहून काढा: तुमच्या विषयात कोणत्या गटाने काय मागितलं, कशाला नकार दिला, शेवटी मजकुरात काय उरलं. ती संस्थेला, यंगोच्या कार्यगटाला आणि शक्य असेल तर मंत्रालयातल्या त्या विषयाच्या अधिकाऱ्याला पाठवा. भेटलेल्यांना ओळख विसरण्याआधी ईमेल करा. आणि बॉनच्या जून सत्राचा प्राथमिक अजेंडा आला की त्यात तुमची बाब कुठल्या क्रमांकावर आहे ते बघा.